चोखंदळ, पुरेसं आणि साडेपंधरे

प्रश्न असा आला आहे: ‘परफेक्शनिस्ट’ माणसाला ‘चोखंदळ’ म्हणावं का, आणि ‘गुड इनफ’ला ‘कामचलाऊ’पेक्षा बरा शब्द कोणता?

‘चोखंदळ’ नको. ‘मी जरा चोखंदळ आहे, म्हणून कामाला उशीर होतो’ हे वाक्य हल्ली मुलाखतींत फार ऐकू येतं. अहो, चोखंदळपणा निवडण्यात असतो, करण्यात नव्हे. पेटीतला एकेक आंबा हुंगून बघतो तो चोखंदळ. अहवालातला स्वल्पविराम चौथ्यांदा हलवतो तो कीस काढणारा. ‘परिपूर्णतावादी’ म्हटलं की एखादा पंथ स्थापन झाल्यासारखं वाटतं. ‘अति काटेकोर’ म्हणा आणि सोडा.

‘कामचलाऊ’त तुच्छता आहे, ‘जेमतेम’मध्ये ओढाताण. ‘पुरेसं’ चांगलं आहे. ते ज्यांना ‘परिपूर्ण’हून कमी प्रतीचं वाटतं त्यांनी मूळ बघावं: ‘पुरणे’ आणि ‘पूर्ण’ एकाच संस्कृत धातूची लेकरं.

पण खरा शब्द जुन्या मराठीत पडून आहे: साडेपंधरे. ज्ञानेश्वरीच्या दहाव्या अध्यायात गुरूची स्तुती करणं म्हणजे ‘साडेपंधरया रजतवणी’ असं म्हटलं आहे. उत्तम सोन्याला चांदीचा मुलामा! त्यापेक्षा मुकाट्याने पायांवर डोकं ठेवावं हेच भलं. झालेल्या कामावर आणखी हात फिरवत बसणाऱ्यांना याहून नेमकी चपराक मिळणार नाही.

ज्ञानेश्वरीचा अर्थ सांगणारे ‘साडेपंधरे म्हणजे शुद्ध सोने’ एवढं सांगून पुढे सरकतात. मग अर्धा गेला कुठे? सोन्याचा कस सोळा वर्णांत, म्हणजे शुद्धतेच्या सोळा पायऱ्यांत, मोजायची पद्धत कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही आहे. म्हणजे साडेपंधरा हे सोळातले साडेपंधरा: हजारात सुमारे 969 भाग, आजच्या भाषेत सव्वातेवीस कॅरट. उत्तमातल्या उत्तमाचं नाव ठेवतानाच अर्धा वर्ण सोडलेला आहे. माझा तर्क असा की हा अर्धा भट्टीत सुटला. जुन्या पद्धतीत सोन्याचे पातळ पत्रे मीठ आणि विटांची भुकटी यांत थरावर थर रचून शेणीच्या आगीत ठेवायचे. मीठ चांदी ओढून घेई. उरलेली चांदी जितकी थोडी, तितकी ती निघणं अवघड. दर फेरीला सरपण जाई आणि थोडं सोनंही घटे. शेवटच्या अर्ध्यासाठी एवढी झीज कोण सोसणार? हे कुणा कोशात सापडणार नाही, पण ‘शुद्ध सोने’ या दोन शब्दांत तो अर्धा गिळून टाकण्यापेक्षा बरं.

‘बावनकशी’चं स्पष्टीकरणही असंच डोळे मिटून दिलं जातं: म्हणे बावन वेळा कसाला लावलेलं. कसोटीच्या काळ्या दगडावर एक रेघ ओढतात, शेजारी माहीत असलेल्या कसाच्या सळईची रेघ, आणि दोन्हींवर तेजाबाचा थेंब. तांबं-चांदी विरघळते, कमी कसाची रेघ आधी फिकी पडते. निकाल तिथेच लागतो. बावन वेळा घासलं तर गिऱ्हाइकाचं सोनं दगडालाच जाईल.

मूळ प्रश्न वापराचा होता. ‘मजकूर साडेपंधरे झालाय, छापायला द्या’ असं बिनदिक्कत म्हणा. मात्र अर्धा कुठे सोडायचा ते काम सुरू करण्याआधी ठरवा. लग्नपत्रिकेत नावं, तारीख, मुहूर्त आणि कार्यालयाचा पत्ता यांना सोळाच्या सोळा; वेलबुट्टीच्या छटेवर एकच नमुना बघून होकार द्या. उलटं केलं की वेलबुट्टीवर आठवडा जातो आणि मुहूर्तात सकाळची संध्याकाळ होते.

आणि ‘हिणकस’ ही शिवी म्हणून फेकण्याआधी: हीण म्हणजे सोन्यात घालतात ते तांबं-चांदी. बावीस कॅरट म्हणजे अकरा भाग सोनं आणि एक भाग हीण, म्हणून हॉलमार्कवर 916. सोळाच्या मापाने हे पंधराही भरत नाही. पण चोवीस कॅरटची कुडी करून बघा: सोनं इतकं मऊ की फिरकीचे आटे झिजतात आणि मोती रस्त्यात पडतो.