स्किओपेत्तीनोची बाटली: बिघडली की अशीच असते?

इटलीहून आणलेली स्किओपेत्तीनो ही नॅचरल, म्हणजे फारसं काही न घालता केलेली लाल वाइन उघडल्यावर गढूळ निघाली, जिभेला चुरचुरली आणि काडी ओढल्यासारखा वास आला. ती बिघडली का, आणि ‘पुन्हा सापडलेलं द्राक्ष’ ही विक्रेत्याची थाप का, असं तुम्ही विचारलंय. आधी दुसऱ्या प्रश्नाचं सांगतो.

थाप नाही. स्किओपेत्तीनो हे इटलीत स्लोव्हेनियाच्या सीमेला लागून असलेल्या फ्रिउली प्रांतातल्या प्रेपोत्तो गावचं जुनं काळं द्राक्ष. फिलॉक्सेरा किडीने वेल मारले, मग नव्या लागवडीत लोकांनी मेर्लोसारखी फ्रेंच वाणं लावली. १९७०मध्ये पाओलो आणि दीना रापुत्सी या जोडप्याने रोंकी दी च्याल्ला ही वाइनरी सुरू केली, तेव्हा परवानगी असलेल्या वाणांच्या यादीत हे नावच नव्हतं. म्हणजे लावणं बेकायदा. तरी त्यांनी जुने वेल हुडकून कलमं केली. १९७६मध्ये त्यांना ग्राप्पा (द्राक्षाच्या चोथ्याची दारू) बनवणाऱ्या नोनीनो घराण्याचा पुरस्कार मिळाला, त्यानंतर सरकारी मान्यता आली. द्राक्ष हरवलं नव्हतं, कागदावरून गेलं होतं!

आता तुमची बाटली. नावाचा अर्थच तडतडणारं. कुणी म्हणतं दाताखाली मणी फुटतो म्हणून, कुणी म्हणतं जुनी वाइन बाटलीत फसफसायची म्हणून. त्यामुळे हलकी चुरचुर मी माफ करतो. उरलेला कार्बन डायऑक्साइड असतो. पण बूच जोरात उडालं, फेस आला, तर बाटलीत पुन्हा आंबवण सुरू झालंय. गढूळपणा न गाळल्यामुळे. बाटली दिवसभर उभी ठेवा, गाळ बसेल. काडीचा वास बहुतेकदा तासभर भांड्यात ओतून ठेवल्यावर जातो.

खरी खोट वेगळी. घोट गिळल्यावर काही सेकंदांनी घशामागे उंदराच्या पिंजऱ्याची चव आली, तर ओतून द्या. गंमत म्हणजे आंबेमोहोराला वास देणारं संयुग त्या दोषामागच्या संयुगांपैकीच एक आहे. भातात हवंहवंसं, वाइनमध्ये नकोसं. ‘नॅचरल म्हणजे असंच’ हे उत्तर इथे ऐकून घेऊ नका.

या वाइनची खरी ओळख मिरी. मिरीदाण्याला वास देणारं रोटंडोन हे संयुग यातही असतं, आपल्या ओळखीच्या शिराझमध्येही. साधारण पाचातल्या एकाला तो वास येतच नाही, तेव्हा नाही आला तर बाटलीला दोष देऊ नका. तांबडा रस्सा मात्र सोबत नको, तिखटापुढे मिरी हरवते. कमी तिखटाचं सुकं मटण चालेल.

टिकण्यासाठी घालतात ते गंधक नसलेली किंवा नावाला घातलेली वाइन उन्हाळा सोसत नाही. मी एक बाटली मे महिन्यात पुण्यात कपाटात विसरलो होतो. जूनमध्ये उघडली तेव्हा सॅलडवर शिंपडायच्या लायकीची उरली होती. फ्रिजमध्ये ठेवा, प्यायच्या अर्धा तास आधी बाहेर काढा, आणि उघडल्यावर दोन दिवसांत संपवा.