तत्त्वज्ञान शिकून रोजच्या जगण्यात काय पदरात पडतं?

तुम्ही लिहिलंय, 'मुलीला पदवीसाठी तत्त्वज्ञान घ्यायचंय. या विषयाचा रोजच्या जगण्यात काही उपयोग होतो का? आत्ताच ती घरात प्रत्येक गोष्टीवर वाद घालते.'

ताई, तुमच्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करते. न्यायदर्शनात, म्हणजे तर्कावर भर देणाऱ्या आपल्या प्राचीन तत्त्वज्ञानाच्या शाखेत, अशा चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत. खरं काय ते शोधण्यासाठी चालतो तो वाद. काहीही करून जिंकायचंच, तो जल्प. आणि स्वतःचं काही न मांडता नुसतं दुसऱ्याचं खोडत राहायचं, ती वितंडा. आपला 'वितंडवाद' तिथलाच. आपलं नेमकं काय चाललंय हे भांडता भांडता ओळखता येणं, हा मला या अभ्यासाचा सर्वांत मोठा फायदा वाटतो.

आपल्या दर्शनांत खंडन करण्याआधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं, मांडावा लागतो. तोही पडेल असा नाही, पुरेपूर. माझ्यासमोर एकदा बाप-लेक बसले होते. मुलगा तत्त्वज्ञानाचा. वडील चिडलेले, फाइल मांडीवर घट्ट धरलेली. मुलगा म्हणाला, "बाबा, तुमचं म्हणणं असं ना, की कमावणारे तुम्ही एकटे, निवृत्ती जवळ आलीय, मी आणखी दोन वर्षं घेतली तर धाकटीच्या शिक्षणाचं काय?" वडिलांनी फाइल टेबलावर ठेवली. "हेच तर सांगतोय इतके दिवस." त्या दिवशी ठरलं काहीच नाही, पण पुढचा अर्धा तास कुणाचाही आवाज चढला नाही.

सॉक्रेटिस लोकांना विचारायचा, शौर्य म्हणजे काय, न्याय म्हणजे काय. मी पालकांना विचारते, 'सेटल होणं' म्हणजे नेमकं काय? बहुतेकजण थांबतात. तुम्हीही करून बघा. गुलामगिरीत जन्मलेला प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्टेटस आपल्या हातातलं आणि हाताबाहेरचं वेगळं करायला शिकवायचा. मुलाखतीची तयारी हातात, निवड नाही. निकालाच्या आदल्या रात्री हे फार कामाला येतं.

मात्र नुसती नावं आणि व्याख्या पाठ करून यातलं काहीही अंगात मुरत नाही. आणि या एका पदवीवर थेट नोकरी मिळणं अवघड आहे, हे तिला आजच स्पष्ट सांगा. पुढे कायदा, पत्रकारिता, अध्यापन किंवा वैद्यकीय नीतिशास्त्र, यातलं काहीतरी जोडावं लागेल.

अर्ज भरण्याआधी एक करा. तुमची काळजी तिला तिच्या शब्दांत मांडू द्या, तुम्ही 'हो, अगदी हेच' म्हणेपर्यंत. मग तिची ओढ तुम्ही मांडा. आणि काय झालं ते मला नक्की कळवा.