तुमचे प्रश्न : आवर्तसारणी पाठ आहे, तरी ‘कारण द्या’त मार्क का जातात?

या वेळी केमिस्ट्रीचे प्रश्न खूप आलेत आणि बहुतेकांचं दुखणं एकच आहे, ट्रेंड (सारणीच्या आडव्या ओळीत म्हणजे आवर्तात, किंवा उभ्या रांगेत म्हणजे गणात जाताना गुणधर्म कसा बदलतो ते) तोंडपाठ आहे पण पेपरात मार्क मिळत नाहीत. म्हणून आधी तेच घेऊया.

‘क्लोरीनची विद्युतऋणता सोडियमपेक्षा जास्त का?’ या प्रश्नाला मी ‘कारण आवर्तात डावीकडून उजवीकडे विद्युतऋणता वाढत जाते’ असं लिहिलं. हे बरोबर आहे ना? मग ३ पैकी १ च मार्क का दिला?

विद्युतऋणता म्हणजे बंधातले इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढण्याची अणूची ताकद. तुझं वाक्य खरं आहे, पण ते कारण नाहीये. प्रश्नात जे दिलेलं होतं तेच तू जरा मोठं करून परत सांगितलंस. तपासणाऱ्याला ट्रेंड माहीत आहे, तो तुला विचारतोय की असं होतं कशामुळे. आणि सारणीतली जागा हे कशाचंच कारण नसतं, उलट अणूच्या आतल्या रचनेमुळे त्याला ती जागा मिळालेली असते, त्यामुळे उत्तर नेहमी अणूच्या आत शिरून द्यायचं. तिथे तीनच गोष्टी बघायच्या : केंद्रकात प्रोटॉन किती, बाहेरचं कवच केंद्रकापासून किती लांब, आणि मधे आडवे येणारे आतले इलेक्ट्रॉन किती (या आडवं येण्यालाच शिल्डिंग म्हणतात).

आता हेच उत्तर असं लिहून बघ. ‘सोडियमचा अणुअंक ११, क्लोरीनचा १७. दोघांचेही बाहेरचे इलेक्ट्रॉन तिसऱ्याच कवचात आहेत आणि आतल्या दोन कवचांत दोघांकडेही १० च इलेक्ट्रॉन आहेत, म्हणजे शिल्डिंग जवळपास सारखं. पण क्लोरीनच्या केंद्रकात ६ प्रोटॉन जास्त आहेत. त्यामुळे बाहेरच्या इलेक्ट्रॉनना जाणवणारा परिणामी केंद्रकीय प्रभार जास्त, अणू लहान, आणि बंधातली इलेक्ट्रॉनची जोडी क्लोरीनकडे जास्त ओढली जाते.’ (परिणामी केंद्रकीय प्रभार म्हणजे शिल्डिंग वजा जाता उरणारा केंद्रकाचा प्रभार.) बस, एवढंच. आधी काय सारखं आहे ते सांगितलं, मग फरक कशात आहे, मग त्या फरकामुळे काय होतं, आणि शेवटी प्रश्नातल्या शब्दाशी आणून जोडलं. विद्युतऋणतेच्या पॉलिंग स्केलवरचे आकडे आठवत असतील तर सोडियम ०.९३ आणि क्लोरीन ३.१६ असं जोडून द्यायला हरकत नाही, पण आकडा म्हणजे पुरावा झाला, कारण नाही.

गणात खाली जातानाचा प्रश्न आला की अजून एक गडबड हमखास होते. फ्लोरीन ३.९८, क्लोरीन ३.१६, ब्रोमीन २.९६, आयोडीन २.६६ अशी विद्युतऋणता उतरत जाते, आणि मुलं फक्त ‘आकार वाढतो म्हणून’ लिहून मोकळी होतात. अरे पण खाली जाताना प्रोटॉनही वाढतायत की, फ्लोरीनकडे ९ आणि आयोडीनकडे ५३! मग ओढ वाढायला नको का? ही शंका उत्तरातच मिटवायची : केंद्रकीय प्रभार वाढतो खरा, पण कवचं वाढल्यामुळे वाढलेलं अंतर आणि शिल्डिंग त्याच्यावर मात करतात. हे एक वाक्य ज्याने लिहिलं त्याला विषय कळलाय, हे तपासणाऱ्याला लगेच दिसतं.

माझा मुलगा अकरावीत आहे. आकार, आयनीभवन ऊर्जा, विद्युतऋणता, धातुगुण, प्रत्येकाचे बाण वेगवेगळे पाठ करतो आणि परीक्षेत उलटसुलट करतो. काही सोपा उपाय?

त्याला बाण पाठ करणं थांबवायला सांगा. एकच गोष्ट पक्की करायची, अणूचा आकार. आवर्तात उजवीकडे लहान होतो, गणात खाली मोठा होतो, आणि हे का होतं ते वरच्या तीन गोष्टींवरून त्याला स्वतःच्या शब्दांत सांगता आलं पाहिजे. बाकीचं तिथूनच काढता येतं. अणू लहान म्हणजे बाहेरच्या इलेक्ट्रॉनवर पकड घट्ट, पकड घट्ट म्हणजे इलेक्ट्रॉन काढायला ऊर्जा (आयनीभवन ऊर्जा) जास्त लागणार आणि बंधातली जोडीही जास्त ओढली जाणार (विद्युतऋणता), आणि इलेक्ट्रॉन सहज सुटत नसेल तर धातुगुण कमी. ही साखळी रोज एकदा तुमच्यासमोर बोलून दाखवू दे, तुम्हाला केमिस्ट्री येत नसली तरी चालेल, तुम्ही फक्त ‘का?’ विचारत राहा.

पण मग नायट्रोजनची आयनीभवन ऊर्जा ऑक्सिजनपेक्षा जास्त कशी? ट्रेंड चुकतो का?

छान प्रश्न. ट्रेंड चुकत नाही, तिथे अजून एक गोष्ट मधे येते. नायट्रोजनला १४०२ आणि ऑक्सिजनला १३१४ किलोज्यूल प्रति मोल. नायट्रोजनच्या २पी मधे (दुसऱ्या कवचातला एक उपभाग) ३ इलेक्ट्रॉन, तिन्ही वेगवेगळ्या ऑर्बिटलमधे (जास्तीत जास्त दोन इलेक्ट्रॉनची जागा) एकेकटे. ऑक्सिजनकडे ४, म्हणजे एका ऑर्बिटलमधे जोडी झालीच, आणि जोडीतले दोघं एकमेकांना ढकलतात त्यामुळे त्यातला एक काढणं सोपं जातं. ‘अर्धभरलेली रचना स्थिर असते’ एवढंच लिहून बरेच जण थांबतात, तसं थांबू नकोस, दोघांचं इलेक्ट्रॉन संरूपण (कुठे किती इलेक्ट्रॉन आहेत ते) लिही आणि जोडीतलं प्रतिकर्षण सांग. बेरिलियमची आयनीभवन ऊर्जा बोरॉनपेक्षा जास्त का, असा प्रश्न आला तर मात्र हे कारण तिथे चिकटवू नकोस, तिथे बोरॉनचा जाणारा इलेक्ट्रॉन २पी मधला असतो आणि तो २एस पेक्षा वरच्या ऊर्जेला असतो म्हणून सहज निघतो.

विद्युतऋणता सगळ्यात जास्त फ्लोरीनची, मग इलेक्ट्रॉन घेताना सगळ्यात जास्त ऊर्जा क्लोरीन कशी काय सोडतो?

कारण या दोन वेगळ्या राशी आहेत, आणि पेपरात त्या एकच समजून लिहिल्या जातात. विद्युतऋणता ही बंधात असलेल्या अणूची ओढ, तिला एकक नाही. इलेक्ट्रॉन प्राप्ती एन्थाल्पी ही सुट्या, वायुरूप अणूला एक इलेक्ट्रॉन दिल्यावर मोजायची, एकक किलोज्यूल प्रति मोल. क्लोरीनची −३४९, फ्लोरीनची −३२८. फ्लोरीनचा अणू इतका छोटा की दुसऱ्या कवचात आधीच दाटी असते, नवीन इलेक्ट्रॉनला तिथले ७ जण जोरात ढकलतात, क्लोरीनच्या तिसऱ्या कवचात जागा ऐसपैस असते. लिहिताना ‘कमी’ की ‘जास्त’ असं मोघम ठेवू नकोस, किंमत ऋण आहे तर ‘जास्त ऋण’ असंच लिही, नाहीतर बरोबर उत्तरही चूक वाचलं जातं.

विद्युतऋणतेतला फरक १.७ पेक्षा जास्त असेल तर बंध आयनिक, हा नियम सरसकट लावू का?

सरसकट नको. हायड्रोजन फ्लोराइड घे, ३.९८ वजा २.२० म्हणजे १.७८, तरी तो ध्रुवीय सहसंयुजच आहे (इलेक्ट्रॉन वाटून घेतलेले, पण एका बाजूला झुकलेले). सोडियम क्लोराइडमधे फरक २.२३, ते आयनिक (इलेक्ट्रॉन एका अणूकडून दुसऱ्याकडे गेलेला). १.७ हा अंदाज आहे, तिथे भिंत नाहीये, म्हणून उत्तरात ‘फरक जितका जास्त तितका आयनिक गुण जास्त’ असं लिहिणं सुरक्षित. आणि रेणू ध्रुवीय आहे का असं विचारलं तर नुसत्या फरकावर थांबू नकोस, रेणूतले अणू कसे मांडलेले आहेत ते काढून बघ. कार्बन डायऑक्साइडमधे दोन्ही बंध ध्रुवीय आहेत पण रेणू सरळ रेषेत असल्यामुळे दोन्ही ओढी एकमेकींना खोडून टाकतात. पाण्याचा रेणू वाकलेला, तिथे खोडल्या जात नाहीत.

ऑक्साइड, फ्लोराइड, सोडियम आणि मॅग्नेशियम यांच्या आयनांचा आकारानुसार क्रम कसा लावायचा?

चौघांकडेही इलेक्ट्रॉन १० च. मग प्रोटॉन मोज : ८, ९, ११, १२. जितके प्रोटॉन जास्त तितका आयन लहान, म्हणजे ऑक्साइड सगळ्यात मोठा, मॅग्नेशियमचा सगळ्यात छोटा. क्रमाआधी ‘समइलेक्ट्रॉनी’ (इलेक्ट्रॉनची संख्या सारखी असलेले) हा शब्द आणि प्रोटॉनची संख्या लिहिलीच पाहिजे.

निष्क्रिय वायूंसमोर विद्युतऋणतेचा आकडा का नसतो? शून्य लिहू का?

शून्य नको. पॉलिंगने १९३२ मधे हे स्केल बंधांच्या ऊर्जेवरून काढलं, आणि हेलियम, निऑन बंधच बनवत नाहीत तर त्यांचा आकडा काढणार कशावरून? झेनॉन मात्र फ्लोरीनशी संयुगं बनवतो आणि त्याला साधारण २.६ अशी किंमत दिलेली सापडते.