पुण्यात बंगल्याच्या आवारात घरच्यापुरत्या चार कोंबड्या आणि मधमाश्यांची एक पेटी ठेवता येते का?

हो, घरच्या अंड्यांपुरत्या कोंबड्या ठेवता येतात. पण अंडी विकायला लागलात की महापालिकेचा परवाना लागू शकतो. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 च्या कलम 376 मध्ये विक्रीसाठी किंवा उत्पन्नासाठी जनावरं पाळायला परवाना सांगितला आहे. मात्र परवाना लागत नाही म्हणजे शेजाऱ्यांनी सगळं सोसायचं असं नाही. वास, माश्या किंवा पहाटे चारची बांग यावरून तक्रार झाली, तर भारतीय न्याय संहितेत सार्वजनिक उपद्रवाला एक हजार रुपयांपर्यंत दंड आहे. कोंबडा ठेवूच नका, अंडी त्याच्यावाचूनही मिळतात.

पेटीचा मामला जरा नाजूक. आग्या माश्या पेटीत राहत नाहीत, सातेरी राहतात आणि त्या बऱ्याच शांत असतात. पेटीचं दार पायवाटेकडे नको, जवळ पाणी ठेवा, नाहीतर त्या शेजाऱ्यांच्या नळावर जातात. वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर बारीक पिवळे ठिपके दिसले तर ती माश्यांची विष्ठा, आणि भांडणं डंखापेक्षा त्यावरूनच जास्त होतात! पेटी घेण्याआधी शिवाजीनगरच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत प्रशिक्षणाची चौकशी करा.

हे सगळं स्वतंत्र बंगल्याचं. सोसायटीत असाल तर गच्ची आणि आवार सामाईक, त्यामुळे आधी उपविधी, म्हणजे सोसायटीचे नियम, बघा आणि समितीची परवानगी लेखी घ्या.