गिटारीच्या हिशेबात तुमचे तास कुठे आहेत?

बडोद्याच्या दांडिया बाजारातून एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय ३६, मकरपुरा जीआयडीसीतल्या कारखान्यात डिझाइनचं काम, हातात पगार ५८ हजार. घरी पत्नी, मुलगी आणि मधुमेह असलेले वडील. गेल्या तीन वर्षांत त्यांनी घराच्या माडीवर ९ इलेक्ट्रिक गिटारी आणि २ बेस (खालच्या सुराच्या, जाड तारांच्या गिटारी) बनवले. त्यांपैकी ९ वाद्यं विकली गेली, साधारण ४५ हजारांना एक. आता ६ लाखांची एफडी मोडून पावणेचार लाखांचा सीएनसी राऊटर (संगणकाच्या आज्ञेवर लाकूड कापणारं मशीन) घ्यायचा, भाड्याने गाळा घ्यायचा आणि दिवाळीला नोकरी सोडायची असा विचार आहे. ‘एका गिटारीमागे निम्मा नफा सुटतो, मग अडलंय कुठे?’ असं ते विचारतात.

तुम्ही सोबत वहीची पानं पाठवलीत, त्याबद्दल आधी आभार. एवढ्या नीट नोंदी ठेवणारा माणूस धंदा करू शकतो, याची मला खात्री आहे. पण तुमचं उत्तर त्या पानांतच आहे आणि ते दिवाळीच्या बेताला अनुकूल नाही.

लाकूड, ट्रस रॉड, ट्युनर, ब्रिज, पिकअप, वायरिंग आणि पॉलिश मिळून सामान २३ हजारांचं. उरले २२ हजार, आणि यालाच तुम्ही नफा म्हणता. हातातल्या राऊटरचे बिट, पॉलिशपेपर, वीज, लाकडी पेटीचं पॅकिंग, कुरिअर आणि वाया गेलेलं लाकूड तुम्ही वेगळ्या पानावर लिहिलंय. ते गिटारीमागे ४ हजार पडतं. राहिले १८ हजार. एका गिटारीला तुमचे ९० तास जातात, म्हणजे तासाला २०० रुपये. नोकरीत तासाला २८० च्या आसपास मिळतात, शिवाय पीएफ आणि मेडिक्लेम. आजच्या पगाराइतकं घरी आणायचं तर महिन्याला सव्वातीन गिटारी विकाव्या लागतील आणि २९० तास राबावं लागेल. तुमचा आजवरचा वेग वर्षाला तीन गिटारींचा आहे. त्यात गाळ्याचं ९ हजार भाडं आलं की महिन्याला अर्ध्या गिटारीची कमाई तिथेच गेली.

मशीन घेतल्यावर हे तास कमी होतील, असं तुम्ही धरलंय. पण नेमके कुठले? बॉडीचा आकार, नेकचा (गिटारीच्या मानेचा) खड्डा, पिकअपची घरं, फ्रेटच्या (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या) खाचा, एवढं काम सीएनसी अचूक करेल. तुमच्याच नोंदीनुसार या सगळ्याला १५ तास लागतात. उरलेले ७५ तास हाताचेच आहेत. फ्रेट समतल करण्याबद्दल तुम्ही जे लिहिलंय ते मी दोनदा वाचलं. प्रत्येक फ्रेटच्या माथ्यावर मार्करची शाई लावायची, सपाट पट्टीवर पॉलिशपेपर चिकटवून ती हलक्या हाताने फिरवायची, शाई जिथे राहिली तो फ्रेट खाली आहे हे ओळखायचं, मग फाईलने एकेक माथा पुन्हा गोल करायचा. तार फ्रेटला घासून कुठेही झणझणत (बझ होत) नाही याचे पैसे गिऱ्हाईक देतं, आणि ते काम सीएनसी करून देणार नाही.

मकरपुऱ्यातच एक जण बॉडी आणि नेक मिळून २ हजारांत कापून द्यायला तयार आहे, असं तुम्ही ओझरतं लिहून गेलात. पावणेचार लाख भागिले २ हजार, म्हणजे १८७ गिटारी. महिन्याला दोन विकल्या तरी मशीनची किंमत वसूल व्हायला जवळपास आठ वर्षं लागतील. मशीन आत्ता घेऊ नका. बाहेरून कापून घ्या. गाळाही नको. तुम्ही पाहिलेला गाळा विश्वामित्री नदीच्या बाजूला तळमजल्यावर आहे, आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये तिच्या पुराने काय केलं ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय.

आता भाव. पुढच्या तीन ऑर्डरी ५८ हजारांना सांगा. सामान तेच राहिलं तर तासाला ३४० च्या वर पडतील. बेस तुम्ही गिटारीच्याच भावाने देता, हे मला अजिबात पटलेलं नाही. ३४ इंची स्केल (तारेची वाजती लांबी), लांब नेक, जड ट्युनर, मोठी पेटी. त्याला किमान ६ हजार जास्त घ्या. निम्मे पैसे आधी घ्या आणि लाकूड कापल्यावर ते परत मिळणार नाहीत, हे लेखी ठेवा. डावखुऱ्या माणसासाठी त्याच्या पसंतीच्या नटच्या (नेकच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) रुंदीने बनवलेली गिटार त्याने नाकारली, तर दुसरा कोण घेणार?

आता जुलैत नेकला पीळ पडलेल्या ज्या बेसबद्दल तुम्ही लिहिलंय, त्याबद्दल. तो नेक-थ्रू होता, म्हणजे नेकचंच लाकूड बॉडीतून आरपार गेलेलं, म्हणून नेकबरोबर सगळं वाद्यच गेलं. फेंडर गिटार कंपनीचे संस्थापक लिओ फेंडर मुळात रेडिओ दुरुस्त करणारे. १९५० च्या गिटारीला आणि १९५१ च्या प्रिसिजन बेसला त्यांनी नेक स्क्रूने बसवला. बिघडला तर तेवढाच बदलता येतो. बडोद्याच्या पावसाळ्यात काम करणाऱ्याने, निदान हात बसेपर्यंत, हेच करावं. नेक-थ्रू मागणाऱ्याकडून जोखमीचे पैसे वेगळे घ्या.

तुमच्या वहीत एक ओळ मला सगळ्यांत मोलाची वाटली: सेटअपचे (तयार वाद्याच्या तारा, नेक आणि ब्रिज नीट जुळवून देण्याचे) ८०० रुपये, वेळ अडीच तास. म्हणजे तासाला ३२०! गिटार बनवण्यापेक्षा हे काम आजच जास्त देतंय, आणि तुम्ही ते मित्रांसाठी फुकट करता. नवरात्राआधी गरब्याच्या ऑर्केस्ट्रांना गिटारी आणि बेस तयार ठेवावे लागतात. श्रावणातच त्यांना गाठा. रविवारी दोन सेटअप झाले तरी महिन्याला साडेसहा हजारांच्या आसपास येतील, आणि त्यातलंच कुणीतरी पुढे तुमच्याकडून गिटार बनवून घेईल.

पैशांची मांडणी सोपी आहे. घरखर्च महिना ४५ हजार, म्हणून एफडीतले २ लाख ७० हजार सहा महिन्यांची गंगाजळी समजा, त्यांना हात नाही. १ लाख सामानासाठी वेगळे ठेवा, पिकअप आणि ब्रिज आधी मागवावे लागतात. मध्येच कमी पडले तर एफडी न मोडता तिच्यावर ओव्हरड्राफ्ट मिळतो. पीपीएफमधले पैसे वापरण्याचा विषयच काढू नका. मुद्रा कर्जाला तारण लागत नाही, पण हप्ता लागतोच, आणि आज तो भरायला ऑर्डरी नाहीत.

विक्रीचं उत्पन्न रिटर्नमध्ये दाखवायला लागा. पुण्या-बंगळुरूला, म्हणजे राज्याबाहेर माल जातो, तेव्हा जीएसटी नोंदणीची ४० लाखांच्या उलाढालीची मर्यादा सरसकट लागू होईल असं धरू नका. हस्तकलेच्या मालाला सवलत आहे. तुमची वाद्यं त्यात बसतात का, हे सीएकडून लेखी घ्या. माडीवर थिनर ठेवता, तर घराची विमा पॉलिसी घरातल्या धंद्याला चालते का तेही विचारा.

नोकरी कधी सोडायची? सलग सहा महिने, दर महिन्याला किमान दोन ऑर्डरी नव्या भावाने आणि आगाऊ रकमेसह आल्या, आणि सेटअपचे १५ हजार नियमित येऊ लागले, की मला पुन्हा लिहा. तोवर कंपनीचा मेडिक्लेम सुटण्याआधी कुटुंबाची स्वतंत्र आरोग्य पॉलिसी या महिन्यातच घ्या. वडिलांच्या मधुमेहासाठी प्रतीक्षाकाल तीन वर्षांपर्यंत असू शकतो, आणि तो पॉलिसी घेतल्या दिवसापासून मोजला जातो.