तरुणपणी पारायणं केलेला रॉक अल्बम पंचवीस-तीस वर्षांनी पुन्हा ऐकला तर तसाच वाटतो का?

नाही वाटत. माझ्या बाबतीत त्याचं एक अगदी ढोबळ कारण आहे. माझ्याकडे तो अल्बम पूर्ण नव्हताच.

अल्बम पिंक फ्लॉईड या ब्रिटिश रॉक बँडचा, ‘विश यू वेअर हिअर’, सप्टेंबर १९७५ चा. माझ्यापर्यंत पोचला १९८७ साली, पुण्यात, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना. तेव्हा एलपीवरून, म्हणजे मोठ्या तबकडीवरून, कॅसेट भरून देणारी दुकानं असायची. कोरी नव्वदची कॅसेट नेऊन द्यायची, आठवड्याने भरून मिळायची. अल्बम ४४ मिनिटांचा, कॅसेटची एक बाजू ४५ ची, म्हणजे मावायला हरकत नव्हती. पण दुकानदाराने सुरुवातीला बरीच टेप कोरी सोडली आणि एलपी उलटताना पॉज दाबायचा विसरला. सुईची खरखर, मग शांतता, मग पुन्हा खरखर. त्यामुळे शेवटचं अर्धं-पाऊण मिनिट टेपवर आलंच नाही. वाद्यं चालू असतानाच टेपरेकॉर्डरचं बटण खट् करून वर यायचं. मला वाटायचं अल्बम असाच संपतो. ही केवढी कलात्मक युक्ती आहे, हे मी हॉस्टेलवर चार जणांना पटवूनही दिलं होतं.

पुढे नोकरी लागल्यावर सीडी घेतली, पण ऐकली ती गाडीत. खंडाळ्याच्या घाटात ट्रकच्या मागे असताना कोण कान देऊन ऐकतो? मागच्या पावसाळ्यात पाय प्लास्टरमध्ये होता, लेकीचे चांगले हेडफोन हाताशी होते, तेव्हा कुठे पहिल्यापासून शेवटपर्यंत शांतपणे ऐकला.

‘शाईन ऑन यू क्रेझी डायमंड’ मध्ये गायला सुरुवात होते ती साडेआठ मिनिटांनंतर. वडील विचारायचे, “गाणारा गाडी चुकला का रे?” स्वतः मात्र तासभर बडा ख्याल ऐकायचे! बँडचा डेव्हिड गिल्मोर गिटारवर जे चार सूर टाकतो, ते या वेळी पेटीवर काढून पाहिले. गाण्याचा मूळ सूर षड्ज धरला तर कोमल गंधार, कोमल निषाद, षड्ज, शुद्ध धैवत. काफीतले सूर. राग वगैरे काही नाही, पण धैवतावर ते असं काही लटकवून ठेवतात की पुढे काय होणार याची वाट बघत बसावं. विशीत मी हा भाग पुढे पळवायचो. आता तोच सगळ्यात आवडतो.

शीर्षकगीत तर नवीनच निघालं. सुरुवातीला रेडिओची स्टेशनं बदलल्याचा आवाज आहे, तो गिल्मोरच्या गाडीतल्या रेडिओवरून घेतलेला. मध्येच चायकॉव्हस्कीच्या चौथ्या सिंफनीचा तुकडा येऊन जातो. मग गिटार वाजते ती मुद्दाम बारीक, रेडिओतून आल्यासारखी, आणि खोलीत बसलेला कुणीतरी दुसऱ्या गिटारवर तिला साथ देऊ लागतो. माझ्या कॅसेटवर सगळंच रेडिओतून आल्यासारखं वाजायचं, त्यामुळे हा फरक कळणार कसा? गाण्याच्या शेवटी वाऱ्याच्या आवाजात अगदी पुसट व्हायोलिन आहे. ते फ्रेंच जॅझ व्हायोलिनवादक स्टेफान ग्रापेलीचं. बँडचं काम चालू होतं त्याच इमारतीत तो यहुदी मेन्युहिन या दुसऱ्या नामवंत व्हायोलिनवादकाबरोबर रेकॉर्डिंग करत होता, यांनी बोलावून घेतला आणि मग मिक्सिंगमध्ये जवळजवळ गाडून टाकला. त्याचं वादन नीट ऐकू येईल अशी आवृत्ती २०११ मध्ये निघाली.

सगळंच आवडलं असं नाही. ‘वेलकम टू द मशीन’ तेव्हा भयंकर वाटायचं, आता जरा नाटकी वाटतं. उलट ‘हॅव अ सिगार’ मधला तो सिगार पुढे करणारा साहेब, ज्याला बँडमधल्यांची नावंसुद्धा धड माहीत नाहीत, तो तीस वर्षं नोकरी केल्यावर फारच ओळखीचा वाटतो.

सिड बॅरेटची गोष्ट कॉलेजात ऐकली होती. बँडचा पहिला म्होरक्या, मानसिक तोल ढळल्यामुळे १९६८ मध्ये बाहेर पडलेला. ५ जून १९७५ ला अॅबी रोड स्टुडिओत त्याच्यावरच्याच ‘शाईन ऑन’ चं काम चालू असताना तो न सांगता येऊन उभा राहिला. अंगाने सुटलेला, डोकं आणि भुवयाही भादरलेल्या. इतक्या जवळच्या मित्रांनाही आधी ओळख पटली नाही. मी तो कायम म्हातारा कल्पिला होता. या वेळी हिशेब केला. तो तेव्हा २९ वर्षांचा होता. माझी लेक आज त्याच वयाची आहे.

आणि ते राहिलेलं अर्धं मिनिट. सगळं विरत जात असताना बँडचा रिक राईट कीबोर्डवर ‘सी एमिली प्ले’ ची चाल हळूच वाजवून जातो. सिडने लिहिलेलं १९६७ चं गाणं. निरोप द्यायला आलेल्या माणसाने दारातून वळून एकदा बघावं, तेवढंच. नेमकं हेच माझ्या कॅसेटवर नव्हतं.

आता ते ऐकतो, पण तिथे पोचलो की कान अजूनही त्या खट्-ची वाट बघतात.