विचारा जिमखाना सरांना : कॉलेजचा हेड कोच व्हायचंय

प्रश्न : मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे, कॉलेजच्या बास्केटबॉल संघात पॉइंट गार्ड (चाली रचणारा खेळाडू) म्हणून खेळतो. अमेरिकेतल्या कॉलेजांच्या मॅच मोबाइलवर बघतो. तिथं हेड कोचला कोटींनी पगार असतो म्हणे. आपल्याकडं असं करिअर होतं का? बाबा म्हणतात, गप बँकेची परीक्षा दे.
– एक खेळाडू, राजारामपुरी

उत्तर : पगाराचं खरं आहे. तिथल्या कित्येक राज्यांत सरकारी पगार घेणाऱ्यांत सगळ्यात वर राज्यपाल नसतो, विद्यापीठाचा फुटबॉल नाहीतर बास्केटबॉल कोच असतो. टीव्ही आणि तिकिटांचा पैसा. बास्केटबॉलची मार्चमध्ये 68 संघांची बाद फेरीची स्पर्धा होते, तिच्यावर त्या खेळाचा सगळा डोलारा उभा. पण त्या पगाराआधीची वर्षं कुणी मोबाइलवर दाखवत नाही.

ड्यूक विद्यापीठाचे 'कोच के', म्हणजे माइक शशेव्हस्की, तू बघितले असशील. 1980 साली ते तिथं आले, त्याआधी पाच वर्षं आर्मीच्या, म्हणजे अमेरिकी लष्करी अकादमीच्या, संघाचे कोच होते. ड्यूकच्या पहिल्या तीन हंगामांत 38 सामने जिंकले, 47 हरले. काढा याला, अशी ओरड सुरू झाली. तिथले क्रीडा संचालक मात्र हलले नाहीत. पहिलं विजेतेपद आलं 1991 ला. 2022 मध्ये निवृत्त झाले तेव्हा नावावर पाच विजेतेपदं आणि 1202 विजय. आपल्याकडं तिसऱ्या वर्षी संस्थेच्या चेअरमनसाहेबांनी काय केलं असतं, ते तूच सांग.

शिवाय तिथल्या कोचचा निम्मा वेळ कोर्टवर जातच नाही. गावोगावच्या हायस्कुलात जाऊन पोरं हेरायची, त्यांच्या घरी बसून आईबापांना पटवायचं. 2021 पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातीतून कमाई करता येते, कॉलेज बदलणंही सोपं झालंय. म्हणजे आपलीच पोरं दरवर्षी नव्यानं पटवायची.

आता आपलं बघू. आपल्या कॉलेजांत 'बास्केटबॉलचा हेड कोच' अशी जागाच नसते. असतो तो शारीरिक शिक्षण संचालक, पोरांच्या तोंडी जिमखाना सर. मी निवृत्तीपर्यंत तेच केलं. सकाळी सहाला कोर्टवर, दुपारी प्रवासभत्त्याची बिलं आणि ट्रॅकसूटची मापं, संध्याकाळी कबड्डी. परीक्षा लागल्या की सुपरव्हिजन. आणि आपल्या कोल्हापुरात कुस्ती आणि पेठांचा फुटबॉल सोडून तिसऱ्या खेळाला मैदान मागायचं म्हणजे आधी कपाळावरची आठी बघायची. पावसाळ्यात आमच्या सिमेंटच्या कोर्टवर शेवाळ धरायचं. सरावाची सुरुवात खराट्यानं व्हायची. विद्यापीठाचा संघ तर निवडचाचणी आणि छोट्या शिबिरातून तयार होतो आणि लगेच पश्चिम विभाग आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो. तेवढ्यात डिफेन्स बसवायचा आणि साइडलाइनवरून बॉल आत घ्यायच्या एकदोन चाली घोटून घ्यायच्या. बाकीचं पोरांच्या कॉलेजच्या सरांनी आधी शिकवलेलं असतं, नाहीतर नसतं.

रस्ता असा : शारीरिक शिक्षणातली पदवी म्हणजे बी.पी.एड. दोन वर्षं, मग पदव्युत्तर एम.पी.एड. दोन वर्षं, दोन्हीला सीईटी म्हणजे प्रवेश परीक्षा. एम.पी.एड.ला 55 टक्के हवेत, वर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. शिवाय दमाची चाचणी असते. तिशीच्या आतल्या पुरुषाला 12 मिनिटांत 1800 मीटर. खेळातला कोच म्हणून नाव हवं असेल तर एनआयएसचा (राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा) डिप्लोमा कर. पतियाळाची ही संस्था 1961 पासून कोच घडवते; सहा आठवड्यांचा छोटा कोर्सही आहे. एवढं करून कायम जागा निघेलच असं नाही. तोवर तासिका तत्त्वावर राबावं लागतं, त्या पैशात घर चालत नाही.

म्हणून बाबांवर चिडू नकोस. बँकेचा फॉर्म भर, सीईटीचाही भर. आणि या जूनपासून एखाद्या शाळेची चौदा वर्षांखालची पोरं सांभाळायला घे, फुकट. लहान पोरांत काय शिकायचं म्हणशील. अमेरिकेतल्या यूसीएलए विद्यापीठाचे कोच जॉन वुडन, बारा वर्षांत दहा विजेतेपदं मिळवलेला माणूस, हंगामाच्या पहिल्या दिवशी खेळाडूंना मोजे कसे घालायचे ते शिकवायचे. सुरकुती राहिली की फोड, फोड आला की सराव बुडाला. आपल्या सिमेंटवर तर दुप्पट.

तुझा कस लागेल टाइम-आउटला. मिनिटभर असतो. पोरं धापा टाकत येतात, पाण्याची बाटली या हातातून त्या हातात, एकजण पंचाच्या नावानं खडे फोडत असतो. आधी गप्प राहा, श्वास खाली बसू दे. मग एकच सांग : "सात नंबर सारखा उजवीकडनं घुसतोय, त्याला डावीकडं वळवा." चार गोष्टी सांगणाऱ्या कोचची पोरं लाइन ओलांडेपर्यंत चारही विसरतात. वर्षभर हे करून बघ. झोपताना डोक्यात स्वतःचे बास्केट न येता त्या पोरांचे चुकलेले पास यायला लागले, तर सीईटी गंभीरपणे घे.

प्रश्न : माझी मुलगी विद्यापीठाच्या संघात आहे. तिला कोच व्हायचंय. नातेवाईक म्हणतात, हे बायकांचं काम नव्हे.
– एक आई, ताराबाई पार्क

उत्तर : ताई, नातेवाइकांना पॅट समिट या बाईंची गोष्ट सांगा. अमेरिकेतल्या टेनेसी विद्यापीठाच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाची जबाबदारी 1974 साली त्यांच्यावर आली तेव्हा त्या 22 वर्षांच्या होत्या. पगार महिन्याला 250 डॉलर. संघाची व्हॅन स्वतः चालवायच्या, खेळाडूंचे कपडेही धुवायच्या. 2012 मध्ये थांबल्या तेव्हा 1098 विजय आणि आठ विजेतेपदं झाली होती. इथं एक व्यवहाराची गोष्टही आहे : मुलींचा संघ बाहेरगावी निघाला की सोबत बाई हवीच, आणि खेळ कळणारी बाई शोधताना जिमखाना सरांची दमछाक होते. कॉलेजांना तुमच्या मुलीची गरज आहे. रात्रीचा प्रवास, धर्मशाळेतला मुक्काम याची सवय मात्र तिला आतापासून करू द्या.

प्रश्न : मी कॉलेजच्या संघात होतो, पण बहुतेक बेंचवरच. असा माणूस कोच होऊ शकतो का?
– शिवाजी पेठ

उत्तर : होतो की. अमेरिकेतले नावाजलेले कोच डीन स्मिथ 1952 च्या विजेत्या कॅन्सस विद्यापीठाच्या संघात राखीव खेळाडू होते. त्यांचे कोच फॉग ॲलन, आणि ॲलन ज्यांच्या हाताखाली खेळले ते जेम्स नेस्मिथ, 1891 साली हा खेळ काढणारे. तालमीत वस्ताद-पठ्ठ्यांची ओळ असते तशीच ही. गंमत म्हणजे नेस्मिथ स्वतः कॅन्ससला कोच म्हणून 55 जिंकले, 60 हरले. स्मिथ नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात कोच झाले तर 1965 मध्ये विद्यार्थ्यांनी त्यांचा पुतळा फासावर लटकवला. 1982 ला त्यांनी विजेतेपद आणलं, संघात मायकेल जॉर्डन होता. तू बेंचवर बसून नुसत्या टाळ्या वाजवत होतास की समोरच्या संघाच्या फाउलचा हिशेब ठेवत होतास, तेवढं पुढच्या पत्रात कळव.